मदत हवी आहे: बदामी ते सिडिलफडी आणि पुढे महाकूट, बाबा आणि नववीतली भाची सोबत

मंडळी, नमस्कार. बेळगावहून लिहितेय.

आमचं कुलदैवत बदामीजवळची बनशंकरी. पौषातल्या जत्रेत आईला गर्दी झेपत नाही, म्हणून आम्ही मार्गशीर्षातच दर्शन उरकतो. यंदा भाचीने हट्ट धरलाय की बदामीला जायचंच आहे तर तिथल्या डोंगरातली सिडिलफडीची अश्मयुगीन चित्रं पाहूनच परतायचं. कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचे फोटो बघून तिला अश्मयुगाचं वेडच लागलंय. ती शिल्पं जांभ्यात खोदलेली. सिडिलफडीची चित्रं मात्र रंगवलेली, तांबड्या रंगातली जनावरं आणि माणसं, मोठ्या कमानीसारख्या दगडाच्या आडोशाला. आणि आमच्यापासून यरगट्टी-रामदुर्गमार्गे जेमतेम दीडशेच्या आसपास किलोमीटरवर!

खरं सांगायचं तर आता तिच्यापेक्षा मीच जास्त उतावीळ आहे. बदामी म्हटलं की आपण चार लेणी, अगस्त्य तीर्थाचं तळं आणि भूतनाथाचं देऊळ बघून गाडीत बसतो. तिसऱ्या लेण्यातला चालुक्य मंगलेशाचा शिलालेख शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८ चा. चालुक्यांनी त्या दगडाला छिन्नी लावायच्या कितीतरी आधी त्याच डोंगरात माणसं राहत होती, शिकार करत होती, भिंतीवर चित्रं काढत होती. पोरीला हे पुस्तकातून नको, पायांनी चालत जाऊन कळावं असं फार वाटतं.

आता अडचणी. बाबा पासष्टीचे आहेत, पण देवरवाडीच्या वैजनाथहून महिपाळगड अजून न थांबता चढतात. त्यांना ही वाट झेपेल ना? आपल्याकडे झाडीतली सावली असते, पायाखाली माती असते. तिथे सगळा उघडा वालुकाश्म. घसरडा आहे का, हाताने धरून चढावं लागतं का?

दुसरं म्हणजे, सिडिलफडी पाहून बदामीलाच परतावं की डोंगरातल्या पायवाटेने महाकूटच्या देवळांपाशी उतरावं? दाजी गाडी घेऊन रस्त्याने महाकूटला येऊन थांबायला तयार आहेत. आईच्या गुडघ्यांमुळे ती चढणार नाही, पण आपण काहीतरी हुकवलं असं तिला वाटू नये. तिच्यासाठी काय करता येईल?

वाटाड्या घ्यावाच लागतो का? कन्नड आम्हाला सगळ्यांना येतं, बोलण्याची अडचण नाही.

प्रतिसाद

ताई, जरूर जा. वाट मध्यम आहे. महिपाळगड चढणाऱ्या माणसाला दम लागणार नाही, पण ऊन थकवेल. माथ्यावर सावली नाही आणि पाण्याचा भरवसा धरू नका. माणशी दोन-तीन लिटर पाणी बरोबर ठेवा आणि उजाडता उजाडता निघा. दगड कोरडा असला की पायाला चांगली पकड मिळते. पाऊस पडून गेला असेल तर मात्र जपून. चपला-सँडल नकोत, चांगल्या तळव्याचे बूट घाला.

वाटाड्या घ्याच. चढ अवघड आहे म्हणून नव्हे. वर गुरांच्या वाटा सगळीकडे फुटतात आणि नवख्या माणसाला नेमका आडोसा सापडत नाही. गावातला माहीतगार माणूस असला की वेळ वाचतो. कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, धूर, आरडाओरडा नको. खाण्याच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नका, लेण्यांपाशी माकडं हिसकावून नेतात.

चित्रांबद्दल एक कळकळीची विनंती. रंग उठून दिसावा म्हणून काही लोक त्यावर पाणी मारतात. घटकाभर चित्र उजळतं खरं, पण पाण्याबरोबर दगडातले क्षार वर येतात, पांढरा थर धरतो आणि चित्र कायमचं झाकलं जातं. हातही लावू नये, खडूने रेघ तर अजिबात गिरवू नये. भाचीला हे आधीच सांगा, ती इतरांनाही थांबवेल. सकाळच्या तिरप्या उजेडात फोटो काढा आणि मग मोबाइलवर त्यातला लाल रंग वाढवून बघा, नुसत्या डोळ्यांना न दिसलेल्या रेषा दिसतील.

आईंसाठी तळ्याकाठचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. त्यात सिडिलफडीच्या गुहेची मोठी प्रतिकृती आहे, न चढता बघता येते. लज्जागौरीची सुप्रसिद्ध मूर्तीही तिथेच. फक्त शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, आणि देवीचा वार म्हणून आपली माणसं नेमकी शुक्रवारीच जातात!

परतीचं म्हणाल तर महाकूटलाच उतरा. आल्या वाटेने परतण्यापेक्षा ते बरं, आणि थकल्यावर पुष्करणीच्या थंड पाण्यात पाय सोडून बसता येतं.

धागाकर्ती

फार उपकार झाले. संग्रहालयाचं आईला सांगितलं, ती खूश आहे. आता शुक्रवारी दुपारी बनशंकरीचं दर्शन आणि बदामीत मुक्काम. शनिवारी पहाटे आम्ही तिघं डोंगरात. दाजी आणि आई आधी संग्रहालय बघून मग महाकूटला येतील.

एकच राहिलं. वाटाड्या आदल्या संध्याकाळी कुठे ठरवावा, लेण्यांच्या तिकीटखिडकीपाशी विचारलं तर चालेल का? आणि साधारण किती पैसे देणं रास्त होईल? घासाघीस करायची नाही, त्याच्या कष्टाचं त्याला मिळावं एवढंच.