इव्हेंट स्वतः रेज करायचा की सरळ मेथड कॉल करायची?

सियागंजवाला: इंदूरात सियागंजातल्या एका किराणा ठोक दुकानाचं बिलिंग सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितोय. बिल सेव्ह झालं की पावती छापायची, स्टॉक वजा करायचा, गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवायचा. हे सगळं बिलाचा क्लासच (बिलाचा सगळा कोड जिथे आहे तो) एकेक मेथड, म्हणजे एकेका कामाचा कोड, कॉल करून करायचा. परवा शेटजींनी उधारीच्या खात्यात नोंदही हवी म्हटलं आणि चालता क्लास पुन्हा उघडावा लागला. शेवटी 'बिल सेव्ह झालं' असा इव्हेंटच केला. क्लास तो रेज करतो, म्हणजे 'हे घडलं' अशी हाक देतो, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. बाहेरच्या क्लासला इव्हेंट रेज करता येत नाही, फक्त हँडलर (हाक ऐकून चालणारी मेथड) जोडता-काढता येतो, हे मला फार आवडतं. आपली बातमी आपणच सांगावी.

रामबागची ताई: मला नाही पटत. पावती, एसएमएस ठीक. पण स्टॉक वजा होणं ही बातमी नाही दादा, तो बिलाचाच भाग आहे. हँडलर जोडले त्या क्रमाने, त्याच थ्रेडवर, एकामागून एक चालतात. एसएमएसवाल्याने एक्सेप्शन फेकलं, म्हणजे एरर दिली, की मागचे सगळे राहिले. त्यात स्टॉक असला तर? बिल फाटलं, माल कागदावर तसाच. जे झालंच पाहिजे त्याची मेथड सरळ कॉल करा. उद्या कोड वाचणाऱ्यालाही बिलानंतर काय होतं ते एका जागी दिसेल.

सियागंजवाला: स्टॉकचं मान्य, ताई. उधारीचंही तेच, दोन्ही परत आत घेतो. पण पावती-एसएमएसला इव्हेंटच ठेवणार. टेस्ट करताना प्रिंटर नको असेल तर हँडलर जोडतच नाही, क्लासला हात लागत नाही.

नवा गडी: माझी चूक सांगतो, दादा. फॉर्म (स्क्रीनवरची खिडकी) उघडताना += लिहिलं, म्हणजे हँडलर जोडला; बंद करताना तो काढायचं -= राहिलं. इव्हेंटवाला ऑब्जेक्ट दिवसभर जिवंत, त्याने बंद झालेले फॉर्म धरून ठेवले. दुपारपर्यंत एकाच बिलाचे सात एसएमएस जायला लागले. गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडलं.

रामबागची ताई: हेच म्हणतेय मी. सरळ कॉल असता तर सात वेळा लिहिल्याशिवाय सात वेळा झाला नसता. बरं, सियागंजवाले, तुमची रेज करायची ओळ डेटाबेसच्या कमिटआधी (बिल पक्कं नोंदलं जाण्याआधी) आहे की नंतर? आधी असेल तर रद्द झालेल्या बिलाचाही एसएमएस जाईल.

सियागंजवाला: आधी होती. आत्ताच खाली नेली.