रात्रीचा डंप पुरतो का? अडत पेढी, पतसंस्था आणि पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी

हळदवाला:
सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस. गेल्या हंगामात ऐन सौद्याच्या दिवशी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझ्याच हातून एक अपडेट क्वेरी गेली. एका वक्कलाचा (सौद्यातल्या मालाच्या एका ढिगाचा) दर दुरुस्त करायचा होता, पण कोणत्या ओळी बदलायच्या ते सांगणारी व्हेअरची अट क्वेरीला घालायची राहिली. टेबलातल्या सगळ्या वक्कलांना तोच दर लागला.

बॅकअप होता, रात्री दोनचा डंप, म्हणजे त्या वेळच्या सगळ्या डेटाची एक प्रत. जुने दर त्यातून परत आले. त्या दिवसाचे दर मात्र कुठेच नव्हते. कच्च्या चिठ्ठ्या घेऊन रात्री अडीचपर्यंत पुन्हा चढवत बसलो. तीन चिठ्ठ्या सापडल्याच नाहीत. त्यातला एक शेतकरी दुसऱ्या दिवशी पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) बघून म्हणाला, ‘माझा दर असा नव्हता.’ त्याला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी मालकांनी तो म्हणेल तो दर दिला. पैशापेक्षा मला तो प्रसंग लागला.

म्हणून माझं ठाम मत आहे, रोज पैशाची नोंद होते तिथे पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी, म्हणजे डेटा हव्या त्या मिनिटाच्या स्थितीत परत आणायची सोय, हवीच. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल (WAL) फाइलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो आणि मग टेबलात नेतो. आपल्याकडे रोजकीर्द आधी आणि खतावणी नंतर, तसंच. रविवारी पूर्ण बेस बॅकअप घ्यायचा, वॉल फाइली दुसऱ्या जागी साठवत राहायच्या. घोळ झाला की रविवारच्या खतावणीवर रोजकीर्द चढवत यायचं आणि चार वाजून एकोणीस मिनिटांवर थांबायचं. ही सोय २००५ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून आहे आणि फुकट आहे. तरी आपल्या भागात ती कुणी लावत नाही.

विश्रामबागकर:
दादा, तुमचं दुःख समजतं, पण सल्ला पटत नाही. मी पाच-सहा पतसंस्थांचं काम बघतो. तिथे डेटाबेस सांभाळणारा, डीबीए नावाचा माणूस नसतो. सकाळी शटर उघडणारा क्लार्कच सर्व्हर चालू करतो. एका ठिकाणी वॉल आर्काइव्ह (वॉल फाइली आपोआप दुसरीकडे साठवणं) मीच लावून दिलं होतं. साठवायची हार्ड डिस्क भरली, आर्काइव्ह कमांड अपयशी होऊ लागली. आर्काइव्ह न झालेली फाइल पोस्टग्रेस टाकून देत नाही, ती सर्व्हरवरच साचते. तीन आठवड्यांनी सर्व्हरची डिस्क गच्च भरली आणि महिन्याच्या एक तारखेला काउंटर बंद. लोक बाहेर रांगेत. बॅकअपच्या सोयीनंच धंदा थांबवला.

आणि मधली एक वॉल फाइल हरवली तर साखळी तिथेच तुटते, पुढच्या फाइली असून उपयोग नाही. डंपचं तसं नाही. तो उचलला, दुसऱ्या मशीनवर चढवला, अगदी पुढच्या आवृत्तीवरही. चालला की चालला. वापरून बघितलेला साधा डंप मला न तपासलेल्या वॉलपेक्षा शंभर पटीनं भरवशाचा वाटतो.

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवली. तेवढी मोठी कंपनी, बॅकअपच्या चार-पाच पद्धती, आणि ऐन वेळी कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगानं घेतलेली एक प्रत. आपण कोण?

हळदवाला:
विश्रामबागकर, तेच उदाहरण पूर्ण वाचा. तिथे निकामी निघाला तो डंपच! सर्व्हर ९.६ चा आणि डंप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे डंप होतच नव्हता. अपयशाचे ईमेलही पोचत नव्हते. म्हणजे लक्ष ठेवलं नाही तर डंपही तितकाच दगा देतो. लक्ष ठेवायचंच आहे तर सहा तास वाचवणाऱ्या गोष्टीवर का ठेवू नये?

डिस्क भरल्याचं म्हणालात, त्याचा हिशेब मांडतो. वॉलची एक फाइल १६ एमबीची. दर पाच मिनिटांनी फाइल बदलायची सक्ती केली तर तासाला १२, दहा तासांच्या कामाला १२०, म्हणजे १९२० एमबी. पेढीत व्यवहार थोडे, त्यामुळे बहुतेक फाइली अर्ध्याहून रिकाम्या. अकराव्या आवृत्तीपासून तो रिकामा भाग शून्यांनी भरला जातो, म्हणून फाइली दाबल्या (कॉम्प्रेस केल्या) की अगदी लहान होतात. बेस बॅकअप दर रविवारी नवा घेतला की जुनं काढता येतं. तुमच्याकडे डिस्क भरली ती जुन्या फाइली कुणी काढल्या नाहीत म्हणून.

मिरज जंक्शन:
एवढा खटाटोप कशाला? आमचा स्टँडबाय, म्हणजे इथला प्रत्येक बदल लगेच उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर, पुण्याला आहे. इथलं मशीन गेलं तर पाच मिनिटांत तिकडून काम सुरू.

हळदवाला:
मशीन गेलं तर, होय. पण माझी ती क्वेरी तुमच्या पुण्याच्या सर्व्हरवरही डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचली असती. स्टँडबाय चूकसुद्धा इमानानं उतरवून घेतो. मुद्दाम काही तास मागे ठेवलेला असेल तर गोष्ट वेगळी.

गावभागातली मावशी:
मी पतसंस्थेत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. तुम्ही दोघं मिनिटं मोजताय, मी जागा विचारते. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या शाखेत सर्व्हर तळमजल्याला आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकाच चिखलातून काढली. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत) वर्षानुवर्षं हळद सुरक्षित राहायची म्हणून लोक निर्धास्त होते, २००५ च्या पुरानं तीही गेली. वॉल असो की डंप, एक प्रत कृष्णेच्या पाण्यापासून लांब हवी. आधी ते करा, मग भांडा.

विश्रामबागकर:
मावशी, हे शंभर टक्के मान्य. मीही हेच म्हणतोय, आधी पायाभूत गोष्टी. कंपन्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. कायदासुद्धा ‘रोज’ म्हणतो, ‘दर पाच मिनिटांनी’ म्हणत नाही.

हळदवाला:
कायद्यानं किमान सांगितलंय. त्या शेतकऱ्याला मी कायदा दाखवू शकलो नसतो.

डंप बंद करा असं मी म्हणत नाही. आवृत्ती बदलताना तोच लागतो, माझ्याकडे तो आजही रोज होतो. पण वॉलचा सराव कसा करायचा ते लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे. चालू सर्व्हरवर कधीही रिस्टोअर करायचं नाही, वेगळं मशीन घ्यायचं. थांबायची वेळ देताना पुढे +०५:३० लिहायचं. आमचा सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) होता, मी ते विसरलो आणि पहिल्या सरावात साडेपाच तासांनी चुकलो. वेळ गाठली की पोस्टग्रेस तिथे थांबून राहतो, तेव्हा आत वाचून खात्री करून घेता येते. मग त्या प्रतीतून फक्त दरांचं टेबल काढून चालू डेटाबेसमध्ये आणायचं, नाहीतर चार वाजून वीसनंतर झालेल्या खऱ्या नोंदी जातील.

गेल्या रविवारी पुन्हा करून बघितलं. साधारण ४० जीबीचा डेटाबेस, चार दिवसांची वॉल, सगळं मिळून ५२ मिनिटं. तीन वक्कलांचे दर वहीशी ताडून बघितले, तिन्ही जुळले.

विश्रामबागकर:
५२ मिनिटं चांगलीच आहेत, खोटं कशाला बोलू. पण ती तुमची ५२ मिनिटं. तुम्ही आषाढात वारीला गेलात आणि त्याच आठवड्यात घोळ झाला, तर पेढीत हे कोण करणार?

हळदवाला:
हा प्रश्न मला टोचला, कारण आज उत्तर ‘कुणी नाही’ असं आहे. पायऱ्या मराठीत लिहून दोन पानांचा कागद केलाय. पुढच्या रविवारी मुनीमजी कीबोर्डवर बसतील आणि मी मागे हात बांधून उभा राहीन. किती वेळ लागला आणि कुठे अडलं ते इथेच लिहितो.

गावभागातली मावशी:
त्या कागदाची एक प्रत मालकांच्या वरच्या मजल्यावरच्या घरी ठेव बाबा.