जुना 16 टनी ट्रक: धूर नाही, तरी ऑइल खात असेल का?

देवासनाका_इंदूर:
लोहामंडीत एक आयशर बघितलाय. 2018 चा, बीएस-4, एअर ब्रेक, चार लाख किमी झालेला. मालक म्हणतो धुराचा पत्ताच नाही, इंजिन एकदम टाइट. धूर नाही म्हणजे ऑइल खात नाही, असं धरू का? बयाणा द्यायच्या आधी काय तपासू?

रिंगपिस्टन:
धरू नका. आधी मालकाला बजावून ठेवा, गाडी सकाळी थंड हवी. गेल्या गेल्या केबिन उचलून चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) हात लावा. कोमट लागलं तर आधीच फिरवून ठेवलीये, सरळ दुसऱ्या दिवशी या. व्हॉल्व्ह सील गेले असतील तर रात्रभरात ऑइल गाईडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) खाली उतरतं, स्टार्ट करताच निळा धूर येतो आणि मिनिटाभरात नाहीसा होतो. गरम गाडीत हे कळतच नाही. (थंडीत पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तो प्रश्न वेगळा.)

इंजिन तापलं की आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. थरथरलं तर चालेल. उडून पडलं, भकाभका वाफ आली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे जळालेला गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोय. पण लगेच पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणू नका, टर्बोचं (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचं) सील गेलं तरी चेंबरमध्ये प्रेशर वाढतं. टर्बोवरून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा पाईप सोडवून बघा: आत ओलसर हात लागला तर ठीक, ऑइल साचलेलं असेल तर नाही. टर्बोचा शाफ्ट किंचित बाजूला हलतो, आतबाहेर हललेला जाणवता कामा नये.

शेवटी भरलेली गाडी मानपूर घाटात न्या. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरा, मग दाबा. तेव्हा निळा भपका आला तर सील-गाईड. चढावर सतत निळा येत असेल तर रिंगा, लायनर (पिस्टन फिरतो तो सिलिंडरचा आतला नळा).

हवेचीटाकी:
सगळे सायलेन्सर बघतात, हवेच्या टाक्या कोणी बघत नाही. ब्रेकच्या कंप्रेसरला इंजिनचंच ऑइल जातं. त्याची रिंग झिजली की ऑइल हवेबरोबर टाकीत जातं, धुराचा संबंधच नाही. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, टाक्यांखालचे कॉक उघडा. नुसतं पाणी आलं तर हरकत नाही. दुधाळ, चिकट पाणी किंवा काळं ऑइल आलं, एअर ड्रायरचं (ब्रेकच्या हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्याचं) तोंडही तेलकट असलं, तर कंप्रेसर धरा. इंजिन उघडायची गरज नाही, पण हे टाळू नका भाऊ: त्या ऑइलने व्हॉल्व्हची रबरं फुगतात आणि ब्रेकच धोक्यात येतात.

देवासनाका_इंदूर:
टाक्यांचं खरंच डोक्यात नव्हतं. मग किती ऑइल गेलं तर गाडी सोडायची?

डिपस्टिक:
गाडी लिटरला 5 किमी देते असं धरा. 1,000 किमीला 200 लिटर डिझेल. तेवढ्यात अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल गेलं तर काळजी नको. लिटरभर, म्हणजे डिझेलच्या अर्धा टक्का, जात असेल तर इंजिनकामाचे पैसे आधीच किमतीतून वळते करा. लेव्हल बघताना सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं. डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा आला तर इंजेक्टर गळतोय आणि त्यामुळे लेव्हल खोटी भरलेली दिसते. गरम असतानाही ऑइल दाट ओघळत असेल तर काहीतरी मिसळलंय, 15डब्ल्यू-40 ग्रेडचं इंजिन ऑइल असं वागत नाही.

एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणाऱ्या पाईपमध्ये पांढरं फडकंही फिरवा. धूळ आली तर क्लिप सैल आहे किंवा पाईप फाटलाय. रिंगा झिजण्याचं मूळ तिथे असतं, ते न बदलता केलेलं इंजिनकाम टिकत नाही.