‘दाखला द्या अन् मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या पोराचं घर बघून या

सातवीच्या_मॅडम
मी पूर्व नागपुरातल्या एका शाळेत शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही, पोराचंही नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. मागच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलानं शेजारी बसणाऱ्याच्या हातात कर्कटक खुपसलं. तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस पालक ऑफिससमोर उभे होते. मागणी एकच, याला दाखला द्या.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. टिनाची एक खोली. बाप सेंट्रिंगच्या कामावर वरून पडला, कमरेचं दुखणं कायमचं राहिलं, काम सुटलं, दारू लागली. आई पहाटेच कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जाते, दुपारनंतर दोन घरची धुणीभांडी करते. घरात दोन वर्षांची बहीण. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचीच मुलं बसवतात, त्याहून लहानांना आहाराची पाकिटं घरी देतात. पाकीट मिळतं, लेकराला धरायला माणूस मिळत नाही. म्हणून आई कळमन्याहून परत येईपर्यंत त्या पोरीला सांभाळायचं काम या बारा वर्षांच्या पोराचं. मग तो शाळेत उशिरा येणार आणि उशीर झाला म्हणून मी, हो मीच, त्याला दाराशी उभा ठेवणार. शाळा उघडल्यापासून जवळजवळ रोज.

संध्याकाळी बापासाठी ठेल्यावरून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटून आणायचा. नाही आणला की पट्टा. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी शेजारचा त्याला ‘बेवड्याचा पोट्टा’ म्हणाला होता.

त्यानं केलं ते चूकच. पण दिवस मावळेपर्यंत त्याच्याशी एकही मोठं माणूस नीट बोलत नाही, त्यात मीही आले. तेव्हा फक्त त्याला शाळेबाहेर काढून आपण नेमकं काय दुरुस्त करणार आहोत? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, ते वेगळंच. सोमवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. तिथं बोलण्याआधी तुमची मतं हवी आहेत, विरोधातली जास्त.

दोन_लेकरांची_आई
विरोधातलंच सांगते. तुमच्या लिहिण्यात मारणाऱ्याच्या घराचं टीन दिसलं, खर्रा दिसला, बहीण दिसली. ज्याच्या हाताला टाके पडले त्याच्या वाट्याला एक ओळ. त्याचं घर कसं आहे? तो रात्री झोपतो का? त्याच बाकावर परत बसायला तयार आहे का?

माझ्या मुलाला चौथीत एका मुलानं जिन्यावरून ढकललं होतं. सगळे मला समजावत होते, ‘त्याच्या घरची परिस्थिती वाईट आहे, समजून घ्या.’ माझं पोरगं महिनाभर शाळेच्या नावानं उलट्या करत होतं आणि त्याची परिस्थिती कोणी विचारली नाही. शेवटी शाळा आम्हीच बदलली. समजून घ्यायचं काम नेहमी मार खाणाऱ्याच्याच गळ्यात का?

मिलकामगाराचा_पोरगा
ताईंच्या बाजूनं. अन् आणखी एक. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली मिल २००२ ला कायमची बंद पडली, तेव्हा आम्ही तिघं भाऊ शाळेत होतो. बाबांनी कॉटन मार्केटातून भाजी आणून हातठेला लावला. आई शिलाई करायची. दिवाळीला कपडे नव्हते. तरी आमच्यापैकी कोणी कोणाला हात लावला नाही, कारण घरी तक्रार आली तर बाबा काय म्हणतील ह्याची धास्ती होती.

मॅडम, गरिबीनं पोरं हिंसक होतात असं म्हणणं हा गरिबीत सरळ वाढलेल्या सगळ्या पोरांचा अपमान आहे. आमच्या चाळीत पन्नास घरं उपाशी झाली होती, पन्नास गुंड नाही झाले. फरक संस्काराचा असते.

मानसशास्त्र_शिकते
भाऊ, तुमच्या बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात जेन कॉस्टेलो आणि सहकारी १४२० मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते. त्यातली साधारण पाव मुलं चेरोकी आदिवासींची होती. १९९६ मध्ये त्या भागात कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा आदिवासींना मिळू लागला. कोणी मेहनत करून मिळवला नव्हता, कोणाची लायकी बघून दिला नव्हता, पैसा नुसता आला. २००३ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांची घरं गरिबीतून वर आली त्या मुलांची मारामारी, चिडखोरपणा, उद्धटपणा कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका झाला. भीती आणि उदासी मात्र होती तशीच राहिली.

आता वागणं सुधारलं कशानं, ते बघा. आईबापांना मुलांवर लक्ष ठेवायला उसंत मिळाली, मुख्य कारण हेच निघालं. तुम्ही ज्याला संस्कार म्हणता त्यालाही वेळ लागतो. तुमचे बाबा ठेला लावून रात्री शुद्धीत घरी येत होते आणि तुमची तक्रार ऐकायला जागे होते. या मुलाच्या घरी तक्रार ऐकणार कोण?

निवृत्त_मुख्याध्यापक
मी चौतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. दोन्ही बाजूंच्या पालकांचे डोळे मी पाहिलेले आहेत.

अभ्यासाचाच दाखला द्यायचा तर दुसराही आहे. हवाईच्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. ज्यांच्या घरी गरिबी, भांडणं, दारू, आजारपण असं सगळं एकत्र होतं, त्यातलीही सुमारे एक तृतीयांश मुलं मोठेपणी धडधाकट, जबाबदार निघाली. म्हणून परिस्थिती म्हणजे विधिलिखित नव्हे. मॅडम, तुमच्या कळवळ्याची मला एकच भीती वाटते. आपण ‘बिचारा’ म्हणायला लागलो की त्याच्याकडून अपेक्षा करणं सोडून देतो. गृहपाठ नाही केला, चालेल. शिवी दिली, चालेल. ह्या ‘चालेल’नं मी डोळ्यांदेखत पोरं वाया गेलेली पाहिली.

आपल्याच शहरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. त्यांनी त्या पोरांची घरं बदलली नाहीत. चेंडू दिला आणि चेंडूबरोबर नियम दिले.

सातवीच्या_मॅडम
सर, अपेक्षा सोडण्याची गोष्ट मला टोचली, कारण ती खरी आहे. मी त्याच्या वह्या तपासणंच बंद केलं होतं. पण वर्नर यांच्या त्या एक तृतीयांश मुलांकडे जवळून पाहिलं तर त्यांच्यापाशी बहुतेक वेळा कोणीतरी एक पक्कं माणूस निघतं. आजी, शेजारीण, एखादा शिक्षक. आणि बारसे सरांनी नुसता चेंडू नाही दिला, ते स्वतः मैदानावर उभे राहिले.

ताई, तुमचं मी दोनदा वाचलं. ज्याला लागलं त्याच्याशी मी शाळेतच बोलले, घरी गेले नव्हते. आज जाऊन आले. त्याला डाव्या हातानं जेवावं लागतं. बाक बदलून मागितलाय त्यानं, आणि ‘मी त्याला बेवड्याचा म्हटलं हे आईला सांगू नका’ म्हणाला.

धरमपेठवाले_काका
सगळी चर्चा झोपडपट्टीभोवतीच का? आमच्या भागात सोळा वर्षांची पोरं बापाची चारचाकी घेऊन रात्री फुटाळा तलावावर फिरतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तरी किल्ली बापच देतो. सकाळी शाळा, मग ट्यूशन, मग खोलीचं दार बंद अन् मोबाइल. तिथंही मोठं माणूस बोलत नाहीच. फक्त त्यांचं पोर बिघडलं की समुपदेशक शोधतात आणि कळमन्याच्या पोराला दाखला.

एकटी_पण_खंबीर
वर कोणीतरी संस्काराचं लिहिलंय म्हणून. माझे यजमान कोरोनात गेले. मुलीनं वर्गात काही केलं की लगेच ‘बाप नाही ना घरात’. बाप नसणं आणि घर मोडणं यात फार अंतर आहे. मला बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपये मिळतात. बाल कल्याण समितीपुढे दोनदा जावं लागलं, पण मिळाले. त्या पैशांवर मी संध्याकाळचं एक काम सोडलं. आता सातला घरी असते. मुलीचं भांडण आपोआप कमी झालं असं नाही, पण कोणाशी झालं ते मला त्याच रात्री कळतं.

अंगणवाडीची_ताई
मी पारडीकडे वीस वर्षांपासून काम करून राहिली. आमच्याकडे छत्तीसगडहून कामाला आलेल्या लोकांची लेकरं येतात. एक पोरगा तीन महिने बोललाच नाही, सगळे मंद म्हणत होते. त्याले मराठी कळत नव्हती, एवढंच. घरच्या बोलीत विचारलं तर धडाधडा बोलला. बाहेरून पाहून लेकराबद्दल काही ठरवू नका, बाप्पा.

मॅडम, कामाचं सांगते. ठेलेवाल्याले भेटा. लेकराच्या हाती तंबाखू देणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मधे बसते, सात वर्षांपर्यंत सजा आहे. हे ऐकलं की खर्रा देणं बंद होते, मी करून पाहिलं. बाप पट्ट्यानं मारते, त्याचं १०९८ ले, चाइल्डलाइनच्या फोनवर, कळवा, त्याले ‘घरातली गोष्ट’ म्हणून सोडू नका. अन् मिरचीवाल्या बायांपैकी कोणाची म्हातारी सासू घरी असते. चार बायांनी थोडे थोडे पैसे दिले तर ती चार लेकरं धरते. आमच्याकडे असंच चालू आहे. सरकारी पाळणाघर व्हायची वाट पाहाल तर ती पोरगी शाळेत जायची होईल.

मिलकामगाराचा_पोरगा
ताईचं पटलं. हे करण्यासारखं आहे. मॅडम, माझं मूळ मत तेच आहे. पोराला शिक्षा झाली पाहिजे अन् त्यानं त्या दुसऱ्या पोराची सगळ्यांसमोर माफी मागितली पाहिजे. पण दाखल्याचा हट्ट मी सोडतो. एक गोष्ट आठवली म्हणून. मिल बंद झाली त्या वर्षी आमच्या गणिताच्या सरांनी तिघांचीही ट्यूशनची फी घेतली नव्हती, रात्री नऊपर्यंत घरी बसवायचे. मी ते आजवर संस्कारात धरलं नव्हतं.

दोन_लेकरांची_आई
दाखल्याबद्दल मी अजून ठाम नाही. सगळ्यांसमोर माफी मला नको. त्यात दोघांचीही घरं चव्हाट्यावर येतील. आधी त्या दुसऱ्या मुलाला विचारा त्याला काय हवंय, आणि बैठकीला त्याच्या आईला पहिली बोलू द्या.

सातवीच्या_मॅडम
त्याच्या आईला पहिली बोलू देते. सासूबाईचं उद्या कळमन्यात विचारून येते, पहाटे पाचला जावं लागेल, त्या बाया तेव्हाच भेटतात. आणि सोमवारपासून तो उशिरा आला तर दाराशी उभा राहणार नाही.