सोसायटीतली झुरळं फवारणीशिवाय आटोक्यात कशी आणायची?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार मंडळी. सोसायटीत ३२ फ्लॅट, त्यातले ५ बंद. दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलची फवारणी होते. पंधरा दिवस बरे जातात, मग ओट्याखाली पुन्हा झुरळं. काही घरांत दम्याचे रुग्ण आहेत, म्हणून फवारणी टाळायची आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
आधी झुरळ कोणतं ते पाहा. साधारण दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा असतील तर ते जर्मन झुरळ. ते घरातच राहतं: ट्रॉलीच्या चॅनलमागे, बिजागरीत, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी. चार सेंटिमीटरच्या आसपासचं लालसर झुरळ ड्रेनेजमधून येतं. त्याला घरात कितीही औषध घाला, वाट उघडी असेपर्यंत नवी येत राहणार.

खात्रीसाठी सिंकखाली, फ्रिजमागे आणि गॅसजवळ एकेक चिकट सापळा तीन रात्री ठेवा. कुठे जास्त अडकली त्यावरून बिळाची जागा कळते.

जर्मन असेल तर जेल, म्हणजे झुरळं खाऊन मरतात ते विषारी आमिष, वापरा (इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के किंवा फिप्रोनिल ०.०५ टक्के). मुगाएवढे किंवा त्याहून लहान थेंब, पण जागा भरपूर: बिजागऱ्या, चॅनल, सिंकच्या कडेची खालची बाजू. एकाच जागी मोठा गोळा लावू नका, वरून सुकतो आणि झुरळं तोंड लावत नाहीत. मुलांचा हात पोहोचेल तिथेही नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारणं किंवा कीटकनाशक खडूच्या रेघा ओढणं. त्याने झुरळं जेलपासून दूर पळतात आणि पाइपांच्या भोकांतून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातात. फवारणीनंतर ती परत दिसण्याचं हेही एक कारण. दुसरं कारण अंड्यांचं. मादी ३०-४० अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन फिरते. ती मेली तरी पिकत आलेल्या पिशवीतून पिल्लं निघू शकतात. म्हणून तीन आठवड्यांनी जेल पुन्हा तपासून लावा, आणि एका उभ्या ओळीतल्या सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच आठवड्यात.

उत्तर २
ड्रेनेजची बाजू मी सांगतो. तुमचे ५ बंद फ्लॅट आधी बघा. न्हाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जाळीखालच्या वाटीसारख्या भागात) साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, तेच झुरळांना अडवतं. एप्रिल-मेमध्ये ते आटतं आणि वाट मोकळी होते. किल्ली असलेल्या माणसाने आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी ओतावं. जास्त दिवस जाणं होणार नसेल तर वर चमचाभर खाद्यतेल, बाष्पीभवन मंदावतं.

सिंकचा फ्लेक्सिबल पाइप भोकात नुसता खोचलेला असतो. भोवतीच्या फटीला रबरी टोपी बसवा. एम-सील लावू नका, तुंबल्यावर पाइप निघत नाही. खालच्या चेंबरची तडकलेली झाकणं बदला.

प्रश्नकर्ते
आभार. बोरिक पावडर चालेल का? आणि रात्रीच्या ओल्या कचऱ्याचं काय करायचं?

उत्तर १
चालेल. कॅरमचीही चालते, फक्त पाकिटावर बोरिक ॲसिड लिहिलंय ना ते बघा. फ्रिजमागे, ट्रॉलीच्या तळाशी, कोरड्या जागी जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्या. ढीग केलात तर झुरळं वळसा घालून जातात, ओल लागली की पावडरचा गोळा होतो. अन्न, मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून लांब ठेवा. घंटागाडी सकाळी येत असेल तर ओला कचरा रात्रभर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि झोपण्याआधी सिंक पुसून कोरडं करा. पाणी मिळालं नाही की जेलही लवकर खातात.