भरती आली की चेंबर उसळतं. साडेसातचा पंप काढून पंधराचा बसवावा का?

खाडीकाठ
नमस्कार. ठाणे खाडीला लागून आमची वसाहत आहे, सुमारे ६०० घरं. मैल्याची दोन पंपघरं फेडरेशनच चालवतं. प्रत्येकात साडेसात एचपीचे दोन पंप, एक चालू, एक राखीव. उधाण आलं की खालच्या गल्लीतली चेंबरं उसळतात. मागच्या पावसाळ्यात एका आजींच्या न्हाणीघरात घाण वर आली, त्या चार दिवस लेकीकडे राहिल्या. कंत्राटदार म्हणतो, पंप लहान पडतात, १५ एचपीचे घ्या. या महिन्याच्या सभेत ठराव आहे. मी चिटणीस, पण यातलं मला फार कळत नाही. त्याला काय विचारू?

जुना पंपवाला
मुंबईत मैलापाण्याच्या पंपिंगवर २९ वर्षं काढली. सही करू नका अजून.

६०० घरं म्हणजे ३,००० माणसं धरा. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात येतं. दिवसाला सव्वातीन लाख लिटर, म्हणजे सेकंदाला पावणेचार. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरलं तरी साडेअकराच्या आत, तेही दोन पंपघरांत वाटून. दहा-बारा मीटर उचल असेल तर साडेसातचा धडधाकट पंप हे सहज ओढतो. पंप लहान असता तर रोज सकाळी तुंबलं असतं. फक्त उधाणाला तुंबतं, म्हणजे खाडीच तुमच्या पाइपात शिरतेय. फुटके सांधे, चेंबरच्या चिरा. पंधराचा पंप लावून तुम्ही खाडी उपसत बसाल.

खात्री करून घ्या. अमावास्येनंतरच्या एक-दोन रात्री भरती साडेबारा-एकच्या सुमाराला असते आणि लोक झोपलेले असतात. तेव्हा पंप थांबायचं नाव घेत नसेल तर ते पाणी घरांतलं नाही. पंपघराच्या विहिरीत, म्हणजे मैला जमतो त्या टाकीत, बादली दोरीने सोडून पाणी वर घ्या आणि टीडीएसच्या पेनाने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या पेनाने मोजा. मैलापाणी ५००-७०० दाखवतं, समुद्र ३५,००० च्या आसपास. मग सकाळी साडेसहाच्या ओहोटीला परत मोजा. हे आत्ता मे महिन्यातच करा. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, मग पेनाला फरक कळत नाही.

खारं पाणी आणखी एक वाईट करतं. त्यातल्या सल्फेटपासून पाइपात हायड्रोजन सल्फाइड होतो, तो काँक्रीट खातो आणि माणूसही. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं. माझा एक सोबती "वास गेला" म्हणून शिडी उतरला. चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले. कमरेला दोरी होती म्हणून वर आला. त्या दोरीचा झटका अजून माझ्या तळहातात आहे. म्हणून पैसे खर्च करायचेच तर पंप गाइड पाइपवर, म्हणजे विहिरीतल्या उभ्या नळ्यांवर बसवा, साखळीने वर येईल. साडीच्या चिंध्या नि पॅड अडकले की ते वरच काढता येतात, कोणी खाली उतरायचं कारणच नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

कलिनाकर
काकांचं बरोबर आहे, पण पॅनेल विसरू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आमच्या संकुलाचे पंप पाण्याखाली ठणठणीत होते. ते मैल्याचे पंप, पाण्यात राहण्यासाठीच असतात. पण स्टार्टरचा डबा जमिनीपासून दोन फुटांवर होता, तो बुडाला आणि सगळं अकरा दिवस बंद. पॅनेल आणि जनरेटर दोन्ही उंच ओट्यावर घ्या. त्या वर्षीच्या पाण्याची खूण एखाद्या भिंतीवर असेलच, जुन्या माणसांना विचारा.

खाडीकाठ
काका, काल रात्री वॉचमनला घेऊन दोन्ही पंपघरांवर बसलो. वरच्या पंपघरात रात्री एकला ५८०, सकाळी ६१०. खालच्यात सकाळी ६२०, पण रात्री एकला ६,२००! आणि तो पंप बारा ते अडीच एकदाही थांबला नाही.

जुना पंपवाला
म्हणजे खालच्या विहिरीत सहावा हिस्सा खाडी. वरच्या पंपघराला हात लावू नका. आता पुढच्या उधाणाला रात्री खालच्या लाइनीतलं एकेक चेंबर उघडा. झाकण काढून थोडा वेळ लांब उभे राहा, वाकू नका. प्रत्येकातली बादली मोजत पंपघरापासून वर जात राहा. ज्या दोन चेंबरांमध्ये आकडा एकदम पडेल, गळती त्यांच्या मधल्या पाइपात आहे. कॅमेरा तेवढ्याच तुकड्यात घालायला सांगा, अख्ख्या लाइनीचे पैसे देऊ नका. आजींचं घर कितव्या चेंबरावर आहे?

खाडीकाठ
पंपघरापासून तिसऱ्या. तिथूनच सुरू करतो. ठराव पुढे ढकलायचं पत्र आज अध्यक्षांना दिलं.