अनुभव धागा : मुलांनी स्वतः वाचायची पहिली पुस्तकं कशी निवडलीत?

पहिली-दुसरीतल्या मुलाला आपलं आपण वाचता येईल असं पुस्तक शोधायला गेलं की दोन ढीग समोर येतात. एकात 'मगन, गवत बघ. छगन, घर बघ' छापाची पुस्तकं, दुसऱ्यात गच्च परिच्छेदांच्या बोधकथा. मधलं कुणाला काही सापडलं का? कशावरून निवडलंत? आपण वाचून दाखवतो त्या पुस्तकांबद्दल नको, तो विषय मोठा आहे. मूल स्वतः बोट ठेवून वाचतं त्यांबद्दलच लिहा. मुलाचं वय नाही सांगितलंत तरी चालेल, तेव्हा त्याला काय वाचता येत होतं ते मात्र सांगा.

पहिलीला शिकवणारी

मुखपृष्ठावरचा वयोगट मी बघतच नाही. पुस्तक मधेच उघडते आणि जोडाक्षरं बघते. किती आहेत यापेक्षा कुठली आहेत ते महत्त्वाचं. 'रस्ता', 'पुस्तक', 'गोष्ट' मुलं पटकन उचलतात, कारण अर्धं अक्षर डोळ्यांना दिसतं आणि शब्द रोज कानावर पडलेला असतो. 'क्ष' आणि 'ज्ञ'मध्ये मूळ अक्षरं ओळखूच येत नाहीत, ती वेगळी शिकवावी लागतात. रफार त्याहून अवघड. 'सर्प' म्हणताना र आधी येतो, पण खूण बसते प-च्या डोक्यावर. पहिल्या वेलांटीचंही तेच. 'किती' वाचताना आधी वेलांटी दिसते आणि मग क. डावीकडून उजवीकडे नेमानं येणारं मूल तिथे हमखास ठेचकाळतं. आणि 'चाक'मधला च 'चार'मध्ये बदलतो, हे पुस्तक सांगत नाही. शब्द ओळखीचा असेल तरच मूल बरोबर उच्चारतं.

म्हणून अगदी सुरुवातीला काना, मात्रा आणि दुसरी वेलांटी भरपूर, बाकीचं पानाला एखाददुसरं, अशी पुस्तकं मी काढून ठेवते. अजिबात जोडाक्षर नसलेली पुस्तकं मलाही आवडत नाहीत. 'आणि मग त्याने' म्हणायच्या जागी लेखक काहीतरी कृत्रिम लिहून बसतो.

डायनोसॉरवेड्या मुलीचा बाबा

ताई, पटलं, पण अर्धंच. माझी मुलगी 'मैत्रीण'वर अडत होती त्याच दिवसांत 'टायरॅनोसॉरस' धडाधड वाचत होती. मात्रा मोजून पुस्तक निवडलं असतं तर ते तिच्या हाती कधीच पडलं नसतं. आम्ही एकच बघतो : विषय तिचा आहे का. मग चित्राखालच्या एकेका ओळीपासून सुरुवात.

पहिलीला शिकवणारी

हरकत नाही, पण एकदा चित्र हातानं झाकून तोच शब्द वाचायला द्या. वाचला तर वाचला. नाही वाचला तर ती चित्र ओळखतेय. तेही वाईट नाही, फक्त आपल्याला माहीत असावं.

दोन नातवंडांची आजी

मी आधी छपाई बघते. अक्षर मोठं हवं, शब्दांत मोकळी जागा हवी आणि ओळ जिथे तुटते तिथे श्वास घेता यायला हवा. रंगीबेरंगी चित्रावर पांढरी अक्षरं छापलेली असली की पुस्तक परत ठेवते. मलाच दिसत नाहीत तर बाळाला काय दिसणार! आणखी एक. काही पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. शाळेत फळ्यावर मराठी वळणाचे बघितलेलं मूल तिथे थांबतं आणि आपल्याला वाटतं, याला येतच नाही.

वाक्यांचा चोखंदळ आईवर्ग, सदस्य एक

भाषेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. पुस्तकात असतं 'पिल्लू घरी आले', आपण बोलतो 'आलं'. माझ्या मुलानं गंभीरपणे विचारलं, "पिल्लाला अहो-जाहो का करतात?" त्याच्या हिशेबानं 'आले' म्हणजे आजोबा आले, सर आले! तेव्हापासून मी पुस्तक उघडून दोन वाक्यं मोठ्यानं म्हणते. बोलल्यासारखी वाटली तर घेते. भाषांतरित पुस्तकांत ही चाचणी फार कामाला येते, चित्रं सुरेख आणि वाक्यं लाकडी असा प्रकार बराच दिसतो. 'आले-गेले' पुढे शिकावं लागणारच, पण पहिल्या पाच-सहा पुस्तकांत नको.

वाचनालयात मदत करणारा

एका पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाच मिटली तर पुस्तक जड, ही युक्ती बहुतेकांना ठाऊक असेल. पण पानावर दहाच शब्द असतील तर पाच अडेपर्यंत गोष्ट केव्हाच मेलेली असते. तिथे दोनला थांबा.

प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेनं २०१५मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. चार स्तर आहेत, पहिला नवशिक्यांचा. तरी स्तराच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच स्तरातली एक गोष्ट सरळ निघते, दुसरीत तिसऱ्याच पानावर 'आश्चर्य' उभं असतं. आधी स्वतः वाचा, मग द्या.

आजोबा, निवृत्त

तेच तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर देत जा. नातू एक पुस्तक पाठ झाल्यावरही सोडेना, सून वैतागली. पण पाठ असलेल्या ओळीवर बोट फिरवतानाच त्याला 'म्हणाला'मधला म्ह उमगला. त्यामुळे प्रत्येक पानावर एखादी ओळ पुन्हा येते अशी पुस्तकं मी मुद्दाम शोधतो.

तिसरीतल्या मुलाची मावशी

आमचा प्रश्न जरा वेगळा. भाचा तिसरीत, वाचन पहिलीचं. सोपी पुस्तकं दिली की म्हणतो, "ही बाळांची आहेत," आणि मित्र आले की उशीखाली लपवतो. ससे-हत्ती सगळे बाद. शेवटी चालली ती कोडी, विनोद आणि चित्रकथा. फुग्यातलं वाक्य चार-पाच शब्दांचं असतं, आणि पुस्तक मोठ्या मुलांचंच दिसतं. कीटकांवरची, यंत्रांवरची माहितीची पुस्तकंही चालली. ती पहिल्या पानापासून वाचावी लागत नाहीत. अशा मुलांसाठी कुणी काही वेगळं केलं असेल तर सविस्तर लिहा, मला अजून हवं आहे.

डायनोसॉरवेड्या मुलीचा बाबा

मावशी, त्याला धाकट्या भावंडाला वाचून दाखवायचं काम द्या. मग बाळांची पुस्तकं वाचायला कारण मिळतं, लपवावी लागत नाहीत. (ताई, चित्र झाकून बघितलं. 'ट्रायसेराटॉप्स' वाचलं, 'स्टेगोसॉरस'ला मात्र सरळ चित्रावरचा हात बाजूला केला.)